दोनशे अठ्ठ्याहत्तरचा भुईमूग

चिफुंडाच्या भुईमूग केंद्रात हजेरीपटावर फालेसी काम्वेंडोचं नाव सतरा वर्षं एकाच रकान्यात चढत आलं: कावळे हाकणारी, हंगामी. तिनं एखादा कावळा हाकलेला मी कधी पाहिला नाही. कावळे निवांत यायचे, शेंगा उकरायचे, पोट भरून जायचे. फालेसी तेव्हा ऑफिसच्या मागच्या पायरीवर उन्हात बसून आकड्यांचे वर्ग करत असायची. मी त्या केंद्रावर वाफे आखायच्या दोरीचं दुसरं टोक धरायला होतो, त्यामुळे यातलं काही ऐकीव नाही.

पायरीवर बसायचं कारण कॅल्क्युलेटर. केंद्रात एकच होता आणि तो उन्हावर चालायचा. सूर्यावर ढग आला की त्यातला आकडा फिकट होत होत विरून जायचा. मग फालेसी पेन्सिल कानावर ठेवून त्या ढगाकडे बघत बसायची, सासुरवाडीत राहणारा जावई सासूकडे बघतो तशी. ढग सरला की बेरीज पुन्हा पहिल्यापासून.

हे काम तिला म्हाताऱ्या काउंडुला कारकुनानं शिकवलं. त्याची नजर गेली तेव्हा आकडे वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं, आणि कावळ्यांकडे बघायला नेमलेली बाई बहुधा रिकामीच असणार असा ऑफिसचा समज होता. सहावीत शाळा सुटलेल्या फालेसीनं दोन हंगाम आकडे वाचून दाखवले. तिसऱ्या हंगामात उत्तर ती सांगायची आणि म्हातारा मान डोलवायचा. चौथ्या हंगामात म्हातारा वारला. त्याच्या पुस्तकाची शेवटची आठ पानं, ज्यांवर नुसते आकड्यांचे तक्ते होते, ती तेवढी तिच्याकडे राहिली. बाकीचं पुस्तक मुख्यालयानं परत मागवलं, कारण ते सरकारी होतं. आठ पानं कमी आहेत हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्यावरून ते पुस्तक तिथं किती वाचलं जातं ते कळतं.

त्या हिशेबाला साहेबांच्या कागदावर ‘प्रचरणाचे एकमार्गी विश्लेषण’ असं नाव होतं. फालेसी त्याला घरांचं भांडण म्हणायची.

"हे बघ बांबो," तिनं मला एकदा सांगितलं, "चार वाण म्हणजे चार घरं. एकेका वाणाचे सहा वाफे म्हणजे घरातले सहा भाऊ. भाऊ सगळे सारखे असतात का?"

"माझे तर नाहीत."

"कुणाचेच नसतात. एक वारुळाशेजारी वाढतो, एक पाणथळीत. मग घराघरांत फरक आहे असं म्हणायच्या आधी घराच्या आत किती फरक आहे ते बघायचं. बाहेरच्या फरकाला आतल्या फरकानं भागायचं. उत्तर मोठं आलं तर घरं खरंच वेगळी. लहान आलं तर उगाच कुणी आपल्या घराची फुशारकी मारू नये."

"मोठं म्हणजे किती?"

"आपल्या चोवीस वाफ्यांना तक्त्यात तीन पूर्णांक दहा लिहिलंय. त्याच्यावर गेलं तर बोलायचं. खाली राहिलं तर गप्प बसायचं."

मी बरीच वर्षं साहेब लोक पाहिले. त्यांतल्या एकालाही मी हे इतक्या थोडक्यात सांगताना ऐकलं नाही, आणि गप्प बसायचा भाग तर कुणी पाळलेलाही पाहिला नाही.

असेच एक साहेब, आमच्या भाषेत अब्वाना, म्हणजे बिस्विक म्पासू. ते परदेशात शिकून केंद्रप्रमुख म्हणून आले, तेव्हा त्यांच्या पेटीत इस्त्री केलेले सहा शर्ट होते आणि डोक्यात एक भुईमूग होता. त्याचं नाव सात नंबर. सात नंबरचा दाणा टपोरा, गुलाबी, फोटोत उठून दिसणारा. आमच्या गावांतला जुना तांबडा वाण त्याच्यापुढे उन्हातान्हात राबलेला गरीब नातेवाईकच दिसायचा. अब्वाना म्हणायचे की सात नंबर देशभर जाणार. पहिल्या वर्षी फालेसीचं उत्तर आलं एक पूर्णांक चार. दुसऱ्या वर्षी दोन पूर्णांक एक. दोन्ही वेळा अब्वानांनी कागद उलटा धरूनही पाहिला.

"मायी फालेसी, वाफ्यांना शिस्त नाही," ते म्हणाले. "एकाच वाणाच्या वाफ्यांत एवढा फरक कसा?"

"जमीन आहे, अब्वाना. तिला कुणी शाळेत घातलेलं नाही."

तिसऱ्या वर्षी पेरणीच्या आधी त्यांनी तिला ऑफिसात आत बोलावलं. आत, म्हणजे खुर्चीवर. "यंदा सात नंबर सरस निघाला की या केंद्राला मापकाची एक कायम जागा मिळेल," ते म्हणाले. "ती तुझी. अर्ज आणून ठेव. मी सही करीन, राजधानीहून, लिलोंग्वेहून, समितीचा शिक्का पडेल. पण सात नंबर निघाला पाहिजे."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चालण्यात एक नवीनच संथपणा होता. कायम जागा म्हणजे काय ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. हंगामी माणूस दर जुलैत घरी जातो आणि नोव्हेंबरात दारात येऊन उभा राहतो, आणि कुठल्या तरी नोव्हेंबरात दार उघडत नाही. फालेसी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. सतरा वेळा नोव्हेंबरात ती त्या दारात उभी राहिली होती.

चिठ्ठ्या तिनंच काढल्या. माझ्या टोपीत चोवीस चिठ्ठ्या, ज्या वाफ्याला जो वाण निघेल तो. सात नंबरला एक वाफा वारुळाशेजारचा मिळाला, तिथली माती खाल्ली तरी पोट भरेल अशी. आणि एक खाली पाणथळीच्या काठचा, तिथं भुईमूग उगवतो तोच पाय वर घेऊन. अब्वानांना ती चिठ्ठी बदलायची होती. फालेसीनं टोपी पाठीमागे घेतली.

पाऊस बरा झाला. एप्रिलमध्ये झाडं उपटली, वाळवली, शेंगा तोडल्या. फोडायच्या आधी शेंगांची पोती फालेसीनं काट्यावर घातली आणि वजनं आपल्या वहीत टिपली. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. अब्वानांना फक्त दाण्यांचं वजन हवं होतं.

मग शेंगा फोडायला गावातल्या सहा बायका आल्या. दिवसाला एक वाण, प्रत्येकीपुढे एका वाफ्याचं पोतं, असे चार दिवस. बायका आंब्याखाली मांडी घालून बसल्या, तेवढ्यात अब्वाना बाहेर आले आणि त्यांनी भाषण केलं. ते तसे मितभाषी होते, पण पाचांहून जास्त माणसं एकत्र बसलेली दिसली की त्यांना राहवत नसे.

"मायींनो, हे दाणे संशोधनाचे आहेत, खाण्याचे नाहीत. संध्याकाळी प्रत्येकीचा ढीग मी स्वतः बघणार. जिचा ढीग कमी भरेल तिला मी सगळ्यांसमोर विचारणार, दाणे गेले कुठे म्हणून."

एनेलेसी, त्या बायकांत वयानं मोठी, तिनं तोंड उघडून जीभ बाहेर काढली. "आत्ताच बघून घ्या, अब्वाना. संध्याकाळी पुन्हा दाखवते."

बायका हसल्या. अब्वाना आत गेले. शेंगा फुटू लागल्या, गाणं सुरू झालं, आणि विज्ञानाची जी काही वाट लागायची ती त्या गाण्यात लागली.

चार दिवसांनी फालेसीनं दाण्यांची चोवीस पोती काट्यावर घातली आणि पायरीवर बसली. आभाळ जूनचं, स्वच्छ. कॅल्क्युलेटरनं एकदाही मान टाकली नाही. उत्तर आलं तेव्हा तिनं ते पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. दोनशे अठ्ठ्याहत्तर.

अब्वानांनी कागद पाहिला आणि ते खुर्चीतून उठले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणासाठी उठलेलं पाहिलं नव्हतं. "दोनशे अठ्ठ्याहत्तर! तक्त्यात किती लागतात?"

"तीन पूर्णांक दहा."

"तीन! आणि आपले दोनशे अठ्ठ्याहत्तर!" त्यांनी सगळ्यांसाठी फँटा मागवला. ड्रायव्हरला फँटा, मला फँटा, कावळ्यांना मागवला नाही एवढंच. समितीला तार गेली. पुढच्या सोमवारी लिलोंग्वेहून डॉक्टर कालुवा येणार होत्या. वजनांच्या कागदावर मोजणाऱ्याची सही लागते, ती फालेसीची. कावळे हाकणाऱ्या बाईची सही कशी चालते, हा प्रश्न नियमात बसत नसल्यामुळे कुणी विचारला नव्हता.

फालेसीनं फँटा उघडला नाही. ती वही घेऊन माझ्याकडे आली. "वारुळाशेजारच्या वाफ्याचं पोतं तू उचललंस ना? सात नंबरचं, शेंगांचं?"

"उचललं. पाठ मोडली माझी."

"साडेआठ किलोला पाठ मोडते तुझी. आणि पाणथळीकडचं?"

"ते हलकं होतं."

"साडेपाच. आता दाणे बघ. वारुळाकडचे चार किलो नऊशे. पाणथळीकडचे चार किलो साडेनऊशे." तिनं वही मिटली. "साडेपाच किलो शेंगांतून पाच किलो दाणे. टरफलं घालायची राहिली वाटतं देवाकडून."

संध्याकाळी ती एनेलेसीच्या अंगणात गेली. मीही गेलो, कारण तिथं मक्याच्या आंबिलीसारखा थोबवा असतो आणि एनेलेसी तो कुणाला नाकारत नाही.

"मायी एनेलेसी, दाण्यांचे ढीग तुम्ही सारखे केलेत का?"

"म्हणजे काय! न करून कसं चालेल?"

"का?"

एनेलेसीनं तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. "अगं, त्या खालच्या वाफ्याचं पोतं आलं माझ्या भाचीपुढे. मुळातच अर्धं. तिनं एक दाणा तोंडात टाकला नाही. आणि संध्याकाळी तो इस्त्रीवाला येऊन सगळ्यांसमोर विचारणार, दाणे गेले कुठे. तिच्या नवऱ्याच्या आईच्या कानावर गेलं असतं तर? मग जिचं जास्त तिनं ओंजळभर इकडे टाकलं, जिचं कमी तिनं घेतलं. सगळे ढीग सारखे. कुणाला काही विचारायला नको. चारी दिवस असंच केलं."

"एका वाणाचे दुसऱ्यात नाही ना गेले?"

"छे! रोज एकच वाण. मिसळायला आम्ही काय वेड्या आहोत?" मग तिनं आवाज खाली आणला. "आणि खाल्ले म्हणशील तर सगळ्यांनी सारखेच खाल्ले."

परत येताना फालेसी बोटांवर आकडे मोजत चालली होती. वाटेवरचं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि त्यातून चालताना पायांचा आवाज कागद चाळल्यासारखा येत होता. "सरासरीला धक्कासुद्धा लागला नाही," ती शेवटी म्हणाली. "ज्या घरातलं त्याच घरात फिरलं. बाहेरचा फरक जसाच्या तसा. आतला फरक मात्र बायकांनी पुसून टाकला, आणि भागायला राहिलं शून्याच्या शेजारचं काहीतरी. एका भाचीची अब्रू राहावी म्हणून दोनशे अठ्ठ्याहत्तर."

"आणि शेंगांवरून काढलं तर?"

"दुपारीच काढलंय. एक पूर्णांक नऊ."

मी म्हणालो, "मग कुणाला कळतंय? सही कर. जागा घे."

"आणि सात नंबर गावोगाव जाणार. लोक जुना तांबडा वाण टाकून हा पेरणार, कशाच्या जोरावर? एनेलेसीच्या ओंजळीच्या?"

"तुला सतरा वर्षं झाली, मायी."

"मला मोजता येतं," ती म्हणाली. 

सोमवारी सकाळी ती ऑफिसात गेली, एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात वजनांचे कागद. अब्वाना आरशात टाय बघत होते.

"केलीस सही?"

"आधी माझ्या अर्जावर तुमची होऊ दे, अब्वाना. मग मी करते. पाहुण्या येतील आणि घाईत राहून जाईल."

अब्वाना त्या दिवशी उदार होते. त्यांनी नुसती सही केली नाही, वर चार ओळी लिहिल्या: सदर महिला सतरा वर्षे अत्यंत अचूक व प्रामाणिकपणे वजने घेत असून, त्यांच्या नोंदींवर हे केंद्र पूर्ण विश्वास ठेवते. अर्ज हातात आल्यावर फालेसीनं त्याची बारीक घडी घातली आणि कमरेला गुंडाळायच्या कापडात, चितेंजेत, खोचली. मग वजनांच्या कागदावर सही केली, आणि सहीच्या वर एक ओळ लिहिली: शेंगा फोडणाऱ्यांनी एकाच वाणातले ढीग सारखे केले आहेत, आतला फरक धरता येणार नाही, शेंगांची खरी वजनं सोबत जोडली आहेत.

अब्वानांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. टाय सैल केला.

"हे काय आहे?"

"एक पूर्णांक नऊ आहे, अब्वाना."

"तुला शेंगा मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग मोजल्यास कशाला? खोड ही ओळ! नाहीतर तो अर्ज आण इकडे."

फालेसीनं चितेंजेची गाठ आवळली. बाईच्या चितेंजेच्या गाठीला हात घालायची हिंमत आमच्या भागात अजून कुठल्या अब्वानाला झालेली नाही, आणि म्पासूसाहेबांनी ती केली असती तर बघायला मी दारातच उभा होतो. "अब्वाना," ती हळूच म्हणाली, "माझ्या नोंदींवर केंद्राचा पूर्ण विश्वास आहे, असं तुम्हीच लिहिलंत. दहा मिनिटं झाली नाहीत."

बाहेर गाडी थांबली.

डॉक्टर कालुवा म्हणजे चपट्या चपला घातलेली, कमी बोलणारी बाई. त्यांनी पहिला कागद पाहिला, आणि दोनशे अठ्ठ्याहत्तरावर बोट ठेवून चष्म्यावरून अब्वानांकडे बघितलं. "भुईमुगात? मी लोखंडी खिळ्यांच्या कारखान्यातसुद्धा इतके सारखे नग पाहिले नाहीत. मी आज इथं जेवायला नाही, चौकशीला आले होते, म्पासू." मग त्यांची नजर फालेसीच्या ओळीवर गेली. त्यांनी शेंगांची वजनं वाचली, पेन्सिलनं दोन बेरजा पडताळून पाहिल्या.  "चूक तुम्ही स्वतः शोधून लिहून दिलीत?" त्यांनी अब्वानांना विचारलं.

अब्वानांनी एकदा फालेसीकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि टाय पुन्हा वर सरकवला. "आमच्या केंद्राची तशी पद्धतच आहे," ते म्हणाले.

"अशी माणसं लिलोंग्वेत हवीत," डॉक्टर कालुवा म्हणाल्या. आणि खरंच, सप्टेंबरात म्पासूसाहेबांची लिलोंग्वेला बढती झाली, संशोधनातील सचोटी या विषयावर तरुण अधिकाऱ्यांना व्याख्यानं द्यायला. ती फार चांगली होतात असं ऐकतो.

पण त्या सोमवारी फालेसी खोलीच्या मधोमध उभी होती आणि तिनं चितेंजेतून घडी काढून टेबलावर ठेवली. "यावर शिक्का लागतो म्हणतात," ती म्हणाली.

डॉक्टर कालुवांनी चार ओळी वाचल्या. "ही जागा सात नंबर निघाला तर, अशी होती ना?"

"सात नंबर निघाला नाही, बाईसाहेब."

"मग जागा कशाची?"

"यंदा पुन्हा पेरायचं असेल ना? मग मोजायला कुणीतरी लागेल. आणि नोव्हेंबरात दारात उभं राहून विचारायला मला आता होत नाही."

डॉक्टर कालुवांनी त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग त्यांनी पिशवीतून शिक्का काढला, त्यावर तोंडानं वाफ टाकली, कारण शाई वाळली होती, आणि कागदावर जोरात दाबला. नीट उमटला नाही म्हणून पुन्हा दाबला. दोन शिक्के आहेत त्या कागदावर, एक अर्धा, एक पूर्ण.

संध्याकाळी फालेसी एनेलेसीच्या अंगणात गेली. सगळ्या सहा जणी जमल्या होत्या. बातमी तिच्या आधीच पोचली होती, पण तिच्या तोंडून ऐकायची होती.

"म्हणजे आमचा तांबडाच चांगला," एनेलेसी म्हणाली. "ते आम्ही पेरायच्या आधीच सांगितलं असतं."

"तांबडा चांगला असं नाही म्हटलं मी. सात नंबर वाईट असंही नाही. अजून कळलं नाही, असं म्हटलं."

"तीन वर्षांनी?"

"तीन वर्षांनी."

"आणि हे न कळण्यासाठी तुला कायम केलं?"

"हो."

एनेलेसी इतकी हसली की तिच्या हातातला थोबव्याचा पेला हिंदकळला. भाचीनं सूप पुढे सरकवलं. त्यात शेंगा होत्या, घरच्या, तांबड्या. फालेसीनं मांडी घातली, एक शेंग फोडली, आणि दोन्ही दाणे सगळ्यांच्या देखत तोंडात टाकले.